कोहा उघडत नाही? पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी एवढं पाहा

मॅडम, इतरांनाही उपयोग व्हावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तालुक्याच्या ठिकाणचं कॉलेज. ग्रंथालयासाठी लॅबमधून जुना डेस्कटॉप मिळाला: ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क. त्यावर उबंटू सर्व्हर २२.०४ ही लिनक्स प्रणाली आणि कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर बसवलं. काही आठवडे नीट चाललं, पुस्तकांच्या नोंदी झाल्या, मग एका शनिवारी लाइट गेली. सोमवारी काउंटरवरच्या कॉम्प्युटरवरून काहीच उघडेना. कुणीतरी सांगितलं, ‘काढून परत टाका.’ तसं केल्यावर कोहा-क्रिएट कमांड ‘युझर लायब्ररी-कोहा ऑलरेडी एक्झिस्ट्स’ म्हणून थांबते, ब्राउझरमध्ये ग्रंथालयाऐवजी अपाचे या वेब सर्व्हरचं डिफॉल्ट पान येतं आणि स्टाफची बाजू उघडतच नाही. त्याशिवाय एक जुनी तक्रार आहे: मराठी पुस्तकं शोधात नीट सापडत नाहीत. नॅकची (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) भेट तोंडावर आहे.

पहिली गोष्ट, आता काढणं-टाकणं पूर्ण थांबवा. तो ‘ऑलरेडी एक्झिस्ट्स’चा निरोप वाईट बातमी नाही, चांगली आहे. त्याचा अर्थ तुमचा लायब्ररी नावाचा संच (कोहाचा इन्स्टन्स, म्हणजे तुमच्या ग्रंथालयाची सेटिंग्ज आणि डेटाबेस) मशीनवर अजून शाबूत असण्याची शक्यता मोठी आहे. एपीटीने (उबंटूवर सॉफ्टवेअर टाकण्या-काढण्याच्या साधनाने) पॅकेज काढलं तरी मारियाडीबी या डेटाबेस सर्व्हरमधला डेटाबेस सहसा जागच्या जागी राहतो. नोंदी पुसते ती वेगळी कमांड, कोहा-रिमूव्ह. ती संचासोबत डेटाबेसही काढून टाकते. ‘एक्झिस्ट्स’ची अडचण दूर करायला म्हणून लोक नेमकी तीच चालवतात. तुम्ही ती चालवू नका, कुणी फोनवर कितीही खात्रीने सांगितलं तरी.

(कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत, आणि बहुतेकांच्या आधी सुडो, म्हणजे प्रशासकाचे अधिकार देणारा शब्द, लावून.)

नोंदी आहेत की नाहीत हे आधी पाहून घेऊ. ‘कोहा-लिस्ट’ चालवा, लायब्ररी हे नाव दिसायला हवं. मग ‘सुडो मायएसक्यूएल’ने मारियाडीबीत शिरा आणि ‘शो डेटाबेसेस;’ म्हणा. यादीत कोहा_लायब्ररी दिसलं की निम्मा जीव भांड्यात. लगेच ‘कोहा-डंप लायब्ररी’ चालवा, म्हणजे सगळ्याची प्रत (डंप) निघेल. /व्हार/स्पूल/कोहा/लायब्ररी या फोल्डरमध्ये दोन फाइल तयार होतील, एक एसक्यूएलची आणि एक सेटिंग्जची. दोन्ही पेन ड्राइव्हवर घ्या. याच फोल्डरमध्ये कोहा रोज आपोआप बॅकअपही ठेवतं, पण ते मुळात दोन दिवसांचेच ठेवतं आणि तेही त्याच हार्ड डिस्कवर. म्हणजे डिस्क गेली की बॅकअपही गेला. बऱ्याच ग्रंथालयांना हे ठाऊक नसतं आणि ‘बॅकअप सुरू आहे’ या समाधानात वर्षं निघून जातात.

मारियाडीबीच सुरू नसेल तर डंप निघणार नाही. त्याचं पुढे सांगतो.

कोहा म्हणजे एकच प्रोग्रॅम आहे, असं धरून शोधायला गेलात तर कधीच सापडणार नाही. १९९९ साली न्यूझीलंडमध्ये हे सॉफ्टवेअर लिहायला घेतलं तेव्हापासून ते इतर तयार सेवांच्या खांद्यावर उभं आहे. पान दाखवायला अपाचे, मागे पर्लचा कोड वेगाने चालवायला प्लॅक, नोंदी ठेवायला मारियाडीबी, शोधासाठी झेब्रा, आणि तात्पुरत्या आठवणीसाठी मेमकॅश्ड. ‘कोहा बंद पडलं’ अशी तक्रार येते तेव्हा प्रत्यक्षात यातला एक गडी बसलेला असतो, किंवा या सगळ्यांच्या बाहेरचं नेटवर्क बदललेलं असतं. म्हणून सगळं उपटून परत लावण्यात अर्थ नाही. जो चालतोय तोही त्यात बिघडतो, तुमच्याकडे तेच झालं.

शनिवारच्या घटनेबद्दल माझा अंदाज असा: कोहाला मुळात काहीच झालं नव्हतं. लाइट गेली, राउटरही बंद पडून सुरू झाला, आणि त्याने सर्व्हरला नवा आयपी पत्ता दिला. काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर जुन्याच पत्त्याचा बुकमार्क. सर्व्हरला स्क्रीन-कीबोर्ड लावून ‘आयपी ए’ टाइप करा आणि दिसणारा पत्ता बुकमार्कशी ताडून पाहा. वेगळा निघाला तर हीच ती भानगड. यावर कायमचा उपाय दोन प्रकारे होतो. एक, सर्व्हरवर नेटप्लॅनच्या, म्हणजे उबंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या, फाइलमध्ये पक्का पत्ता लिहायचा. दोन, राउटरच्या डीएचसीपी (आयपी पत्ते वाटणाऱ्या सेवेच्या) रिझर्व्हेशनमध्ये सर्व्हरचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) टाकून आयपी राखून ठेवायचा. मी ग्रंथालयांना दुसरा सुचवतो. नेटप्लॅनची फाइल यामल प्रकारची असते, एक स्पेस इकडची तिकडे झाली किंवा टॅब पडला तर नेटवर्कच जातं आणि मग दुरून दुरुस्तीही करता येत नाही. नेटप्लॅनच हवं असेल तर ‘नेटप्लॅन अप्लाय’ऐवजी ‘नेटप्लॅन ट्राय’ वापरा. तुम्ही एंटर दाबून होकार दिला नाही तर १२० सेकंदांनी ते जुन्या सेटिंगवर परत येतं. आणि जुन्या टिपणांतली ‘गेटवे४’ ही ओळ आता कालबाह्य आहे, तिच्या जागी राउट्सखाली डिफॉल्ट मार्ग लिहायचा असतो.

दुसऱ्या कॉम्प्युटरवरून उघडत नाही म्हणजे नेमकं काय दिसतं, हेही नीट पाहायला हवं. ब्राउझर लगेच ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणत असेल तर मशीनपर्यंत तुम्ही पोहोचला आहात, पण त्या पोर्टवर (मशीनच्या त्या क्रमांकाच्या दारावर) ऐकणारं कुणी नाही: अपाचे बंद आहे किंवा त्याला तो पोर्ट सांगितलेला नाही. बराच वेळ चक्र फिरून ‘टाइम्ड आउट’ आलं तर मधे फायरवॉल आहे किंवा पत्ताच चुकीचा आहे. आणि पान उघडून त्यावर ५०० किंवा ५०३ आकडा दिसला तर नेटवर्क निर्दोष, अपाचेही जिवंत, भानगड त्याच्या मागे. प्रश्न विचारताना ‘एरर येतो’ एवढंच लिहिलेलं असतं तेव्हा या तिन्हींपैकी काय ते कळत नाही आणि मदत करणारा अंधारात बाण मारत बसतो.

यातला फरक पक्का करायला सर्व्हरवर बसूनच ‘कर्ल -आय एचटीटीपी://लोकलहोस्ट:८०८०’ चालवा, आय मोठा. तिथे उत्तर आलं आणि काउंटरवरून आलं नाही, तर उबंटूची फायरवॉल, यूएफडब्ल्यू, पाहा: ‘यूएफडब्ल्यू स्टेटस’. तो चालू असेल तर ‘यूएफडब्ल्यू अलाउ ८०/टीसीपी’ आणि तसंच ८०८० साठी. बंद असेल आणि नव्याने चालू करणार असाल तर आधी ओपनएसएसएचला परवानगी द्या, मग चालू करा. उलट क्रमाने केलंत तर दुरून लॉगिन करण्याची वाट बंद होते.

आता अपाचेचं डिफॉल्ट पान. हा कोहाच्या इन्स्टॉलेशनमधला सर्वांत जास्त वेळ खाणारा मुद्दा, म्हणून जरा सावकाश बघू.

‘अपाचे२सीटीएल -एस’ चालवा, एस मोठा. अपाचे कोणत्या पोर्टवर कोणती साइट दाखवणार आहे आणि ती कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीवर लिहिली आहे, सगळं ही कमांड सांगते. तुमच्याकडे पहिल्या क्रमांकावर ०००-डिफॉल्ट.कॉन्फ दिसणार असं मी धरून चालतो. तुम्ही ब्राउझरमध्ये आयपी पत्ता टाकता, साइटचं नाव नाही. नाव जुळलं नाही की अपाचे त्या पोर्टवरची पहिली साइट दाखवतो, आणि फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात. ०००ने सुरू होणारी फाइल अर्थातच पुढे. म्हणून ‘ए२डिससाइट ०००-डिफॉल्ट’ आणि ‘ए२एनसाइट लायब्ररी’. मग ‘अपाचे२सीटीएल कॉन्फिगटेस्ट’, त्यावर ‘सिंटॅक्स ओके’ आलं तरच अपाचे रीस्टार्ट. या कॉन्फिगटेस्टला एक सेकंद लागतो, तरी लोक ती गाळतात, रीस्टार्ट करतात आणि चालणारा अपाचेही झोपवून बसतात.

एवढ्याने वाचकांची बाजू, म्हणजे ओपॅक, ८० पोर्टवर दिसायला लागेल. स्टाफची बाजू मात्र अजून नाही. कोहाच्या मूळ सेटिंगमध्ये दोन्ही बाजू ८० वरच असतात आणि वेगळ्या नावांनी ओळखल्या जातात; कॉलेजच्या नेटवर्कमध्ये अशी नावं ओळखणारा डीएनएस बहुधा नसतो. म्हणून /ईटीसी/कोहा/कोहा-साइट्स.कॉन्फमध्ये इंट्रापोर्ट (स्टाफच्या बाजूचा पोर्ट) ८०८० करा असं प्रत्येक मार्गदर्शिका सांगते, आणि ते बरोबरच आहे. पण ती फाइल कोहा फक्त संच तयार करताना वाचतं. एकदा कोहा-क्रिएट होऊन गेलं की तिच्यात काहीही बदला, तुमच्या साइटला पत्ताही लागत नाही. कित्येक लोक त्या फाइलमध्ये तीच ओळ पुनःपुन्हा बदलत राहतात.

संच आधीच तयार असल्याने तुम्ही बदल करायचा तो /ईटीसी/अपाचे२/साइट्स-अव्हेलेबल/लायब्ररी.कॉन्फमध्ये. त्यात दोन व्हर्च्युअलहोस्ट (प्रत्येक साइटचा एकेक भाग) आहेत: वरचा ओपॅकचा, खालचा इंट्रानेटचा, म्हणजे स्टाफच्या बाजूचा. खालच्या सुरुवातीच्या ओळीत ८० असेल तर ८०८० करा. मग /ईटीसी/अपाचे२/पोर्ट्स.कॉन्फमध्ये ‘लिसन ८०’ खाली ‘लिसन ८०८०’ अशी नवी ओळ. ही दुसरी ओळ विसरली की साइटचं सेटिंग बरोबर, अपाचे चालू, तरी पान ‘रिफ्यूज्ड’. खातरजमा ‘एसएस -टीएलएनपी’ने होते: यादीत ८० आणि ८०८० दोन्ही अपाचेच्या नावावर दिसले पाहिजेत. ८० दुसऱ्याच कुणाच्या नावावर दिसला, उदाहरणार्थ एनजिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरच्या, तर कुणीतरी प्रयोग म्हणून ते टाकून ठेवलंय. ते बंद केल्याशिवाय अपाचे उठणार नाही.

पुढची पायरी ५०३. अपाचे उभा असून हा आकडा आला की बहुतेक वेळा प्लॅक सुरू नसतो. ‘कोहा-प्लॅक --स्टार्ट लायब्ररी’. तरी उठला नाही तर /व्हार/लॉग/कोहा/लायब्ररी या फोल्डरमध्ये जा आणि प्लॅकच्या एरर लॉगची शेपटी वाचा: ‘टेल -एन ५०’. शेवटच्या नाही, पहिल्या एररपासून वाचायचं. खालच्या वीस ओळी बहुधा त्या पहिल्या ओळीचीच पिल्लं असतात.

आणि पान उघडून त्यावर ‘सिस्टिम मेन्टेनन्स’ किंवा वेब इन्स्टॉलर दिसला तर घाबरून त्यात पुढे पुढे क्लिक करू नका. तुम्ही पॅकेज काढून परत टाकलंत तेव्हा कदाचित नवी आवृत्ती आली असेल आणि डेटाबेसची रचना जुनीच राहिली असेल. डंप हातात असल्याची खात्री करून ‘कोहा-अपग्रेड-स्कीमा लायब्ररी’ चालवा. असं पुन्हा होऊ नये म्हणून एपीटीच्या सोर्समध्ये कोहासाठी ‘स्टेबल’ हा शब्द न लिहिता आवृत्तीचा आकडा लिहा. कोहाची मोठी आवृत्ती दर सहा महिन्यांनी, मे आणि नोव्हेंबरमध्ये येते. ‘स्टेबल’ लिहिलेलं मशीन साध्या एपीटी अपग्रेडमध्ये गुपचूप तिकडे उडी मारतं. परीक्षेच्या हंगामात ही उडी कुणालाच नको असते.

मारियाडीबीची तपासणी ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस मारियाडीबी’ने सुरू करा आणि ‘जर्नलसीटीएल -यू मारियाडीबी -बी’ने पुढे न्या. अचानक लाइट गेल्यावर इनोडीबी (मारियाडीबीतली नोंदी साठवणारी यंत्रणा) आपली दुरुस्ती बहुतेक वेळा स्वतःच करून घेतं, तिला पाच-दहा मिनिटं लागली तर लागू द्या. मधेच मशीन बंद करणं हा सगळ्यात वाईट उपाय. लॉगमध्ये दुरुस्ती फसल्याचं दिसलं तर /व्हार/लिब/मायएसक्यूएल हे अख्खं फोल्डर आधी दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा, आणि ‘इनोडीबी फोर्स रिकव्हरी’चे प्रयोग त्यानंतरच.

४ जीबी रॅमबद्दल एक शंका आहे. लॉगमध्ये ‘कोड=किल्ड, स्टेटस=९’ असं दिसलं तर ती मारियाडीबीची चूक नव्हे. मेमरी संपली की लिनक्सचा कर्नल सर्वांत जास्त जागा खाणाऱ्याला मारतो, आणि तो बहुधा डेटाबेस असतो. ‘जर्नलसीटीएल -के’मध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ शोधा. सापडलं तर ‘फ्री -एच’ने स्वॅप (मेमरी कमी पडल्यावर वापरायची डिस्कवरची जागा) आहे का पाहा. आणि सर्व्हरवर ‘माउस चालायला हवा’ म्हणून डेस्कटॉप चढवला असेल, तर तो काढा. छोट्या ग्रंथालयासाठी ४ जीबीत कोहा चालतं, पण डेस्कटॉप, त्यात उघडा ब्राउझर आणि वर कोहा, हे नाही चालत. झेब्राऐवजी इलॅस्टिकसर्च हे दुसरं शोध-इंजिन लावा असा सल्ला कुणी दिला तर या मशीनवर तो साफ नाकारा.

डिस्कचीही एक गंमत सांगून ठेवतो. ‘डीएफ -एच’ चालवल्यावर ५०० जीबीच्या डिस्कवर तुम्हाला मुख्य भाग ९८ जीबी एवढाच दिसेल. डिस्क खराब नाही. उबंटू सर्व्हरचा इन्स्टॉलर एलव्हीएम (डिस्कचे लवचीक भाग पाडण्याची पद्धत) निवडलं की मोठ्या डिस्कवर फक्त १०० जीबी वापरात घेतो आणि बाकीची मोकळी ठेवतो. ‘व्हीजीएस’मध्ये व्हीफ्रीच्या रकान्यात ती दिसते. वाढवायची तर ‘एलव्हीएक्स्टेंड -आर -एल +१००%फ्री /डेव्ह/उबंटू-व्हीजी/उबंटू-एलव्ही’, दोन्ही अक्षरं छोटी. चालू मशीनवर होतं, रीस्टार्ट लागत नाही. ९८ जीबी भरले म्हणून नवी हार्ड डिस्क मागवणारं कोटेशन कॉलेजला गेलेलं मी पाहिलंय.

एपीटीच ‘कुड नॉट गेट लॉक’ म्हणून अडलं तर लॉकची फाइल पुसू नका. उबंटू मागे स्वतःचे अपडेट घेत असतं, कंसात अनअटेंडेड-अपग्रेड असं नाव दिसेल, थांबा. अपडेट चालू असताना लाइट गेली असेल तर ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’.

उरला मराठी शोध. इथे मार्गदर्शिका फार कमी बोलतात आणि आपल्याकडच्या ग्रंथालयांना नेमकं हेच लागतं.

नोंदी आहेत, बारकोडने पुस्तक सापडतं, पण शोधात काहीच येत नाही, इंग्रजी पुस्तकही नाही: तर झेब्रा किंवा त्याचा इंडेक्सर बंद आहे. ‘कोहा-झेब्रा --स्टेटस लायब्ररी’, ‘कोहा-इंडेक्सर --स्टेटस लायब्ररी’, बंद असतील ते सुरू करा आणि ‘कोहा-रिबिल्ड-झेब्रा -एफ -व्ही लायब्ररी’ने संपूर्ण सूची नव्याने बांधून घ्या. इंग्रजी सापडतं आणि मराठीच गडबडतं, तर कारण निराळं. झेब्रा मुळात अक्षरांच्या एका ठरीव तक्त्यावर शब्द तोडतो आणि त्या तक्त्यात देवनागरीची नीट सोय नाही. त्याला आयसीयूवर (युनिकोडमधल्या सगळ्या लिप्या जाणणाऱ्या सॉफ्टवेअरवर) न्यावं लागतं. /ईटीसी/कोहा/झेब्राडीबी/ईटीसी/डिफॉल्ट.आयडीएक्स उघडा. शब्दांच्या आणि वाक्यांशांच्या भागात ‘चारमॅप’ने सुरू होणारी ओळ असेल, शब्दांसाठी तिच्या जागी ‘आयसीयूचेन वर्ड्स-आयसीयू.एक्सएमएल’ आणि वाक्यांशांसाठी ‘आयसीयूचेन फ्रेझेस-आयसीयू.एक्सएमएल’. फाइलची प्रत आधी बाजूला ठेवा. मग झेब्रा रीस्टार्ट आणि परत पूर्ण रिबिल्ड. रिबिल्ड न करता ‘काही फरक पडला नाही’ म्हणू नका, जुनी सूची जुन्याच पद्धतीची असते.

यानंतरही काही पुस्तकं सापडणार नाहीत, कारण भानगड नोंदींतच असते. ‘ॲटलास’ आणि ‘अॅटलास’ डोळ्यांना सारखेच दिसतात. पण पहिल्यात ॲ हे एकच अक्षरचिन्ह आहे, दुसऱ्यात अ आणि त्यावर वेगळा चंद्र. कॉम्प्युटरला हे दोन निरनिराळे शब्द वाटतात आणि आयसीयूही त्यांना एक करत नाही. नोंदी करणाऱ्या दोन जणांचे कीबोर्ड वेगळे असतील तर तुमच्या कॅटलॉगमध्ये दोन्ही प्रकार भरलेले असणार. एकच रूप ठरवा आणि बाकीच्या नोंदी बॅच एडिटने त्यावर आणा. जुन्या सॉफ्टवेअरमधून युनिकोडआधीच्या फॉन्टमधला डेटा आणला असेल तर तो आत येण्याआधीच कन्व्हर्ट झाला पाहिजे. कोहात येऊन पडलेल्या तसल्या नोंदींना कोणताही इंडेक्स वाचवू शकत नाही.

एवढं करून अडलात तर तीन आउटपुट पाठवा: ‘अपाचे२सीटीएल -एस’, ‘एसएस -टीएलएनपी’ आणि प्लॅकच्या लॉगच्या शेवटच्या पन्नास ओळी. स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला तिरका फोटो नको, मजकूर कॉपी करून पाठवा. आणि कोहा-कॉन्फ.एक्सएमएल मात्र कुणालाही पाठवू नका, मलासुद्धा नाही, त्यात डेटाबेसचा पासवर्ड उघडा लिहिलेला असतो.